नेम नंतर, खरेदी आधी

वऱ्हाडात गुपचूप करता येण्यासारख्या गोष्टी फार नाहीत, आणि खरेदी त्यांत मुळीच येत नाही. अमरावतीत कुणी कूलर घेतला, तर त्याची टाकी किती लिटरची हे अकोल्याच्या पाहुण्यांना आधी कळतं. अशा मुलखात मी पंचेचाळिशी ओलांडल्यावर नेमबाजीच्या स्पर्धेत नाव दिलं आणि साहित्य काय घ्यावं, असं चार माणसांत विचारलं. नेम राहिला बाजूला. खरेदीच्या स्पर्धेत सगळी गल्ली उतरली.

मूळ खूळ याहून मोठं होतं. मोबाइलवर मी अमेरिकेतली मल्टिगन स्पर्धा पाहिली होती. एकच गडी रायफल, पिस्तूल आणि शॉटगन आळीपाळीनं चालवत पळत सुटतो आणि घड्याळ त्याच्या मागे लागतं. आपल्याकडे २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. म्हणजे तीन बंदुकांच्या खेळात आपण नाव नोंदवतानाच एकीनं कमी. अकोल्याच्या साळ्यानं तोडगा काढला, "कायले घाबरता भाऊजी? दोन तुमच्या नावानं घ्या, एक ताईच्या." ताईला, म्हणजे माझ्या बायकोला, बंदुकीचा परवाना मिळवून देण्याची कल्पना मला घरच्या दृष्टीनं सुरक्षित वाटली नाही.

मग मी दहा मीटर एअर रायफलवर आलो. ४.५ मिलिमीटरची नळी, वीस जूलच्या आतली ताकद, परवाना नको. मला वाटलं, प्रश्न मिटला. पण दर्यापूरकडे वावर असलेले शेजारचे काकाजी येऊन बसले.

"याच्यानं डुक्कर मरते काय?"

"नाही काकाजी. छर्रा अर्ध्या ग्रॅमचा असते."

"रोही?"

"नाही."

"मंग मरते काय?"

"काहीच मरत नाही. कागदाले भोक पडते."

काकाजींनी चहा संपवला. "कागदच फाडाचा हाय, त तुमच्या हाफिसात पंचिंग मशीन नाही काय?"

वऱ्हाडाला शस्त्रांचं वावडं आहे असं नाही. नरनाळा किल्ल्यावर नौगजी तोफ आहे. २९ नोव्हेंबर १८०३ ला अडगावच्या मैदानात वेलस्लीच्या फौजेपुढे आपली बाजू हरली आणि १५ डिसेंबरला गाविलगडही गेला. साळा या इतिहासाचा निष्कर्ष एका वाक्यात सांगतो, "साहित्य कमी पडलं भाऊजी. म्हून म्हणतो, जर्मनचीच घ्या." त्याच्या तोंडी वॉल्थर आणि फाइनवेर्कबाऊ ही नावं घरच्या बैलांसारखी येतात, आणि किंमत लाखांच्या घरात असली तरी ती माझ्या घरातून जाणार असल्यानं त्याला अडचण नसते. मी अमरावतीकर म्हणून उत्तर दिलं, की आमचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ सालचं. १९३६ मध्ये मंडळाच्या पथकानं ऑलिंपिकच्या वेळी थेट बर्लिनला जाऊन देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवली. कुठं होतं तेव्हा जर्मन साहित्य? साळा शांतपणे म्हणाला, "त जा मंग लंगोटावर."

अकोला आणि अमरावतीमधला हा वाद पूर्वी निदान रस्त्यातल्या खड्ड्यांमुळे थोडा थंड व्हायचा. पण जून २०२२ मध्ये या दोन गावांमधल्या महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत ७५ किलोमीटर डांबर टाकून गिनेस विक्रम झाला. तेव्हापासून साळ्याचा सल्ला मूर्तिजापूरला चहालाही न थांबता थेट घरी येतो.

पुढचा विषय वजनाचा. नियमानं एअर रायफल साडेपाच किलोपर्यंत चालते. बायकोनं हा आकडा ऐकला आणि दळणाचा डबा खाली ठेवला. "साडेपाच किलो? ते बी हातात धरून, उभं राहून? मागच्या म्हैन्यात गव्हाचा कट्टा सरकवाले सांगतला, त कंबर धरून बसले होते तुम्ही." मी म्हणालो, साठ गोळ्या आणि पाऊण तासाला अर्धा तास जोडून वेळ. "म्हंजे सव्वा तास," ती म्हणाली. "कट्टा त एका मिनिटाचं काम होतं."

रायफलपेक्षा अवघड प्रकरण जाकिटाचं. नेमबाजाचं जाकीट कॅन्व्हास आणि चामड्याचं, ताठ, अंगाला धरून ठेवणारं. त्याची जाडीही तपासतात, एका ठिकाणी अडीच मिलिमीटरपेक्षा जास्त चालत नाही. त्याखाली तशीच पँट, पायात सपाट तळाचे बूट, एका हातात मोजा. मे महिन्यात जिथं पारा पंचेचाळिशीपलीकडे जातो आणि माणसं बनियनकडेही संशयानं पाहतात, त्या अकोल्यात हा पोशाख नुसता घालून पाहायला साळ्यानं मला सासुरवाडीच्या ओसरीवर उभं केलं. सासूबाई बाहेर आल्या, मला आपादमस्तक पाहिलं आणि आत वळून म्हणाल्या, "जावयाले ताप आला काय वं? लिंबूपाणी आण."

या सगळ्या साहित्यवाद्यांना पॅरिसनं सुरुंग लावला. २०२४ च्या ऑलिंपिकमध्ये तुर्कस्तानचा युसुफ दिकेच साधा टी-शर्ट, नेहमीचा चष्मा आणि एक हात खिशात अशा थाटात आला आणि मिश्र दुहेरीत एअर पिस्तुलाचं रौप्य घेऊन गेला. राजकमल चौकातल्या टपरीवर एकमत झालं, "पाहा, काहीच नाही लागत." मी सांगायचा प्रयत्न केला, की हा गृहस्थ २००८ पासून प्रत्येक ऑलिंपिक खेळला आहे. खिशातल्या हातामागे एवढी वर्षं आहेत. शिवाय त्याचं ते पिस्तूल, एका हातानंच मारायचं. माझी रायफल दोन हातांची. एक हात खिशात घातला तर साडेपाच किलो थेट अंगठ्यावर. आणि त्याच पॅरिसमध्ये १ ऑगस्टला कोल्हापूर जिल्ह्यातल्या स्वप्नील कुसाळेनं पन्नास मीटर रायफलचं कांस्य जिंकलं, ते ताठ जाकीट, पँट, बूट असा सगळा सरंजाम घालून. गुडघ्यावर, पालथं पडून आणि उभं राहून, एकाच रायफलनं तीन तऱ्हा. टपरी म्हणाली, "तो रेल्वेत टीसी हाय न? मंग त्याले उभं राहाची सवय असनच."

अखेर क्लबातल्या प्रशिक्षकांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, "हे पाहा, दहा गुणांचा ठिपका अर्धा मिलिमीटरचा. क्लबची जुनी रायफल शिकंज्यात आवळून मारली, तर छर्रे एकाच भोकातून जातात. म्हणजे रायफलीत दोष नाही. तुम्ही धरली की नळी डोलते. नवी जर्मन रायफल तुमचं डोलणं थांबवणार नाही, फक्त जास्त अचूक नोंदवील." लाखांची बचत करणारं इतकं सडेतोड वाक्य मी आयुष्यात दुसऱ्या कुणाकडून ऐकलेलं नाही. विक्रेत्याकडून तर नाहीच.

म्हणून पहिल्या स्पर्धेला निघालेल्या माझ्या वऱ्हाडी बांधवांना सांगणं एवढंच. रायफल क्लबची घ्या, फक्त दस्ता आपल्या खांद्याच्या मापाला लावून घ्या. छर्रे मात्र स्वतःचे आणि एकाच जातीचे घ्या. बूट सपाट तळाचे बघा. जाकीट दुसऱ्या वर्षी, तेही हिवाळ्यात. रोज घरी रिकामी रायफल धरून भिंतीसमोर उभं राहा, त्याला पैसे पडत नाहीत. आणि हे सगळं ठरेपर्यंत साळ्याला फोन करू नका.