जेटीनंतरचा चढ

कोकणातल्या माणसाला ‘पुढे चढ आहे का हो?’ असं विचारू नये. ‘छे, थोडासाच,’ असं उत्तर येतं, आणि बिचारा खोटंही बोलत नसतो. त्याच्या लेखी एसटीचा ड्रायव्हर जिथे पहिला गियर टाकतो तेवढाच चढ. बाकी सगळा रस्ता सपाट. त्या सपाट रस्त्यावर आपण सायकलीवरून पायउतार होऊन, दोन्ही हातांनी हँडल ढकलत, तोंडाने श्वास घेत चाललेले असतो. मागून डोक्यावर कवळाचा भारा घेतलेली एखादी बाई येते, आपल्याला मागे टाकते आणि जाता जाता विचारते, ‘पंक्चर झाली काय?’ अशा वेळी ‘हो’ म्हणावं. सायकलीची बदनामी होते, पण आपली अब्रू राहते.

किनाऱ्याकिनाऱ्याने सायकल मारत जायचं म्हटलं की घरच्यांना वाटतं, समुद्राकाठचा रस्ता म्हणजे सपाटच असणार. समुद्र सपाट असतो हे खरं. रस्त्याचं तसं नाही. सह्याद्रीतून निघालेल्या नद्या धावतपळत खाली येतात आणि त्यांच्या मुखांतून समुद्र पार आत घुसून बसलेला असतो. सावित्रीच्या मुखाशी बाणकोटची खाडी, वाशिष्ठीच्या मुखाशी दाभोळची, शास्त्रीच्या मुखाशी जयगडची. दोन खाड्यांच्या मध्ये जांभ्या दगडाचा उंच सडा. म्हणजे रस्ता सड्यावर चढतो, खाडीकाठी उतरतो, पाणी ओलांडतो आणि परत सड्यावर चढतो. पहिल्या दिवशी याची मजा वाटते.

त्यात गुहागर तालुक्याची तऱ्हाच न्यारी. उत्तरेला दाभोळची खाडी, दक्षिणेला जयगडची, पश्चिमेला अरबी समुद्र. पूर्वेकडे तेवढी जमीन चिपळूणला चिकटलेली, म्हणून कागदोपत्री त्याला बेट म्हणता येत नाही. पण किनाऱ्याने येणारा सायकलवाला तिथे बोटीतून उतरतो आणि बोटीतूनच बाहेर पडतो. त्याच्यापुरतं ते बेटच. मधल्या टापूत सपाट म्हणावा असा रस्ता औषधापुरता. गुहागरच्या नारळी-पोफळीतून जरा निवांत चाललोय म्हणेपर्यंत रस्ता वर जातो. वर आलो म्हणेपर्यंत वेळणेश्वरला समुद्राशी उतरतो. आणि हेदवीचा दशभुज गणपती पुन्हा टेकडीवर बसलेला. हेदवीहून तवसाळकडे उतरताना खाली जयगडची खाडी उघडते ना, तिथे मात्र ब्रेक दाबून थांबावंच. पाहण्यासाठी, आणि ब्रेक निवण्यासाठीही.

आता जंगलजेटी, म्हणजे माणसांबरोबर गाड्याही खाडीपार नेणारी बोट. दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये ती २००३ साली सुरू झाली. त्याआधी मोटारीने दाभोळहून गुहागरला जायचं तर दापोली, खेड, चिपळूण असा शंभरावर किलोमीटरचा वळसा होता. समोरचं गाव नुसत्या डोळ्यांनी दिसायचं आणि गाडी तिथे दुपार उलटल्यावर पोचायची. आता दहा-पंधरा मिनिटांत माणूस वाहनासकट पलीकडे. पुढे आगरदांडा-दिघी, बागमांडला-वेशवी, तवसाळ-जयगड इथेही जेट्या आल्या आणि किनाऱ्याची तुटक रेघ जोडली गेली.

या बोटीचा पुढचा लोखंडी पत्रा धक्क्यावर टेकतो आणि त्यावरून गाड्या आत जातात. तोंड एकच असल्यामुळे चढताना नाहीतर उतरताना, कधीतरी गाडी उलटी घ्यावीच लागते. हा सोहळा सायकलवाल्याने चुकवू नये. शहरातून नवी कोरी, उंच, काळ्या काचांची गाडी घेऊन आलेले गृहस्थ घामाघूम झालेले. शेजारी बायको डोळे मिटून बसलेली. मागच्या सीटवरून सासरे सूचना देतायत. बाहेर खलाशी ओरडतोय, ‘येऊ द्या, येऊ द्या, डावी मारा, डावी! तुमची नव्हे, माझी डावी! बास बास बास!’ आपण आपली सायकल मागच्या चाकाला धरून उचलतो आणि जागच्या जागी फिरवतो. सासरे काचेतून आपल्याकडे जरा आदराने बघतात. सायकलवाल्याला असा मान समाजात फार ठिकाणी मिळत नाही.

सायकलीची जागा ठरलेली: कठड्याशी, मासळीच्या पाट्या आणि कुणाची तरी स्कूटर यांच्या मधली वीतभर फट. एक खलाशी येतो, काही न विचारता नायलॉनच्या दोरीचा तुकडा काढतो आणि सायकल कठड्याला बांधून टाकतो. ती गाठ तो एका हाताने, दुसरीकडे बघत मारतो. पलीकडे पोचल्यावर आपण दोन्ही हातांनी, चष्मा लावून ती सोडायला बसतो आणि शेवटी त्यालाच हाक मारतो. तो येतो, दोरीचं टोक नुसतं ओढतो, गाठ सुटते. आपल्या सायकलीला सत्तावीस गियर आहेत हे त्याला सांगायचा मोह त्या क्षणी आवरावा. ओहोटीच्या वेळी आणखी एक भान ठेवावं. पाणी उतरलं की धक्क्याचा खालचा, शेवाळलेला भाग उघडा पडतो, आणि सायकलवाल्यांच्या खास बुटांना तळाशी जो धातूचा तुकडा असतो, त्याचं आणि शेवाळाचं कधीच जमलेलं नाही. बूट काढून हातात घ्यावेत.

मला विचाराल तर सगळ्या सफरीतली खरी चैन ही दहा-पंधरा मिनिटंच. उतारावरही पाय थांबतात, पण तिथे ब्रेक असतात, वळणं असतात, मध्येच उठून उभी राहणारी म्हैस असते. जेटीवर करण्यासारखं काहीच नसतं. सायकल पुढे चाललीय, अंतर कापलं जातंय आणि आपण कठड्याला टेकून शेंगदाणे खातोय. आळसाचं रीतसर तिकीट काढलेलं असल्यामुळे मनाला टोचणीही नाही. मनगटावरचं अंतर मोजणारं यंत्र जेटीवर बंद करावं, असा प्रामाणिक सायकलवाल्यांत संकेत आहे. मी तो कसोशीने पाळतो असं नाही. चढावरच्या माझ्या वेगापेक्षा जेटीचा वेग बरा असतो. यंत्र चालू राहिलं तर दिवसाची सरासरी सुधारते.

आणि मग पत्रा खाली पडतो. बोटी समुद्रसपाटीलाच लागतात, त्याला कुणाचा इलाज नाही. सड्यावर जाण्यासाठी सकाळपासून घाम गाळून जी उंची कमावलेली असते ती धक्क्यावर येईपर्यंत पार खर्च झालेली, आणि पलीकडे पुन्हा शून्यातून सुरुवात. वेशवी तेवढी दयाळू. तिथून बाणकोटपर्यंत रस्ता खाडीच्या कडेकडेने जातो आणि पायांना गरम व्हायला वेळ देतो. धोपावे आणि जयगड यांच्याकडे तसली माया नाही. जेटीतून उतरलेल्या मोटारी धूर सोडत निघून जातात, सासऱ्यांचा मघाचा आदरही त्यांच्याबरोबर जातो, आणि आपण चढाच्या तळाशी उरतो.

शास्त्राला विचारलं तर ते म्हणतं, एवढं काही नाही. माणूस, सायकल आणि पिशव्या मिळून नव्वद किलो धरले आणि हे ओझं शंभर मीटर वर चढवायचं म्हटलं, तर काम होतं अठ्ठ्याऐंशी किलोज्यूलचं. आपलं शरीर खाल्लेल्यातला साधारण चौथा हिस्सा कामी लावतं, बाकीच्याची नुसती उष्णता. तरी हिशेब ऐंशी-पंच्याऐंशी कॅलरींच्या वर जात नाही. म्हणजे सढळ हाताने सारण भरलेला एक उकडीचा मोदक. हा हिशेब कळल्यापासून मी चढाआधी मोदक चुकवत नाही. गुडघ्यांना गणित येत नसल्यामुळे त्यांची कुरकूर चालूच असते, आणि मोदक एकावर थांबत नसल्यामुळे पुढच्या खाडीपर्यंत ते नव्वद किलोही नव्वद राहत नाहीत.

वाहन बोटीत घालून कोकणात उतरायचा हा उद्योग काही आपण काढलेला नाही. पंधराव्या शतकात अफनासी निकितिन नावाचा रशियन व्यापारी विकायला म्हणून घोडा घेऊन निघाला आणि होर्मुझहून तो घोडा जहाजातून घेऊन चौलला उतरला. त्या घोड्याने त्याला पुरतं हैराण केलं. जुन्नरला तिथल्या खानाने तो काढूनच घेतला होता. परत मिळाला, शेवटी बीदरला जाऊन विकला गेला. परतीचं जहाज निकितिनने पकडलं ते दाभोळहून, घोड्याशिवाय. चढावर ढकलण्याचे हाल नेमके कुणाच्या वाट्याला आले, त्याच्या की घोड्याच्या, ते ठाऊक नाही. पण दाभोळला बोटीत चढताना तो हलका झाला असणार. त्या काळी दाभोळ हे मोठं बंदर होतं. अलीकडे या नावाचा बोभाटा झाला तो वीजप्रकल्पामुळे, आणि तो प्रकल्प दाभोळात नाहीच. पलीकडच्या तीरावर, गुहागर तालुक्यात अंजनवेलला आहे. नाव अलीकडचं, चिमण्या पलीकडच्या. मधल्या खाडीला त्याचं काही नाही.

अस्सल बेटच हवं, चारी बाजूंनी पाणी असलेलं, असा कुणाचा हट्ट असेल तर गोव्यात दिवाडीला जावं. जुन्या गोव्याच्या धक्क्यावरून मांडवी ओलांडली की दिवाडी. भाताची खाजणं, एक टेकडी, टेकडीवर पिएदादचं चर्च. चढ तेवढा एकच, पण तो चढून गेल्यावर नदी दोन्ही अंगांना दिसते. बेटाच्या दुसऱ्या टोकाला नार्व्याची फेरीबोट. सप्तकोटेश्वराचं मूळ देऊळ या दिवाडीवरचं. पोर्तुगीजांनी ते पाडल्यावर देव नदीपलीकडे नार्व्याला गेला आणि तिथल्या देवळाचा जीर्णोद्धार शिवाजी महाराजांनी १६६८ साली करवला. नाश्त्यानंतर निघालेला सायकलवाला बेट फिरून, देवाच्याच वाटेने पाणी ओलांडून, नार्व्याला दर्शन घेऊन जेवायला परत येऊ शकतो. एवढ्या थोड्या श्रमात एवढा इतिहास आणखी कुठे मिळत असेल तर कळवावं.

कोकणातल्या जेट्या मात्र फार काळ राहतील असं वाटत नाही. रेवस ते रेड्डी असा सागरी महामार्ग व्हायचा आहे आणि त्याच्या आराखड्यात या खाड्यांवर पूल आहेत. बाणकोटच्या खाडीवरचा पूल कित्येक वर्षं नुसत्या खांबांवर उभा राहिला, म्हणून आम्ही जेटीप्रेमी मंडळी मनातल्या मनात निर्धास्त होतो. हे बोलू नये, कळतं. रात्रीची शेवटची बोट सुटल्यावर कुणाच्या घरात छातीत दुखायला लागलं तर त्याला आमच्या शेंगदाण्यांचं कौतुक काय? पूल व्हायलाच हवेत आणि लवकर व्हायला हवेत. बांधणाऱ्यांना विनंती एवढीच की कठड्याच्या आत सायकलीला दीड हात जागा सोडा, आणि दिवसाकाठी दोन-चार का होईना, बोटी चालू ठेवा. पूल झाला तरी त्यावर पोचायला सड्यावरून उतरायचं आणि पलीकडे चढायचं आहेच. मधली विश्रांती तेवढी जाईल.

तोवर जाणार असाल तर हिवाळ्यात जा, आणि उत्तरेकडून दक्षिणेकडे जा. दुपारनंतर वारा वायव्येचा असतो, तो पाठीशी राहतो. खारं पाणी साखळीला लागतं, म्हणून रोज रात्री ती गोड्या पाण्याने धुऊन, पुसून तेल द्या. शेवटची बोट किती वाजता, हे आदल्या गावातच विचारून घ्या. सायकलीचं तिकीट माणसाच्या तिकिटापेक्षा वेगळं काढावं लागतं. सुटे पैसे जवळ ठेवा.