बेटावर कामून?

आमच्या आईला कमी ऐकू येतं, पण जे ऐकू जाऊ नये ते तिला पहिल्या झटक्यात ऐकू येतं. कारभारीण फोनवर लेकीला दबक्या आवाजात म्हणाली, "बेटावर जायचं म्हणतात तुझे बाबा," आणि ओसरीवर ज्वारी पाखडत बसलेल्या आईचं सूप थांबलं.

"बेटावर? कामून? सप्ता तर श्रावणात असतो."

गोदाकाठच्या माणसाला बेट म्हटलं की एकच आठवतं, सराला बेट. वैजापूर आणि श्रीरामपूरच्या मधात, गोदावरीच्या पात्रात, गंगागिरी महाराजांचं संस्थान. त्यांचा सप्ता पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ चालू आहे आणि तिथल्या पंगतीला गावोगावच्या भाकरी ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या भरभरून येतात. आईनं अशा किती भाकरी थापल्या असतील त्याचा हिशेब नाही.

"ते नाही आई, दुसरं बेट. समुद्रातलं."

"बरं. मग तिथले महाराज कोण?"

मी उत्तर शोधेपर्यंत तिनं आपली पिशवी खुंटीवरून काढली होती. पुढं दोन दिवस ती पिशवी परत खुंटीवर टांगण्यात गेले.

दोष लेकीचा. ती पुण्यात नोकरीला. आमच्या लग्नाला पंचवीस वर्षं होताहेत म्हटल्यावर तिनं विचारलं, "तुम्ही दोघं, दोघंच असे कधी कुठं गेलात?" मी आठवून पाहिलं. लग्नानंतर जेजुरीला गेलो तेव्हा टेम्पोत तेरा माणसं होती, त्यातली दोन आम्ही. तिरुपतीला व्याही-विहीण बरोबर. पंढरपूरला तर अख्खी एसटी. दोघंच असे आम्ही फक्त एकदा गेलो होतो, तेही शहरात, कारभारणीच्या दाढेचं ऑपरेशन होतं म्हणून. लेकीनं ते धरलं नाही. म्हणाली, "छोटं बेट, समुद्र, फक्त कपल्स. पैसे मी भरते." आणि मालदीवचे फोटो पाठवले.

बिडकीनला पैठण रस्त्यावर माझं कृषी सेवा केंद्र आहे. फवारणी संपली आणि गहू-हरभऱ्याला पाणी देऊन झालं की काउंटरसमोरच्या बाकड्यावर एक कमिटी बसते. तिला विषय लागतो. मोबाईल हातोहात फिरला. निळं पाणी, पाण्यात खांब, खांबावर खोली, खोलीला काचेची जमीन आणि काचेखाली मासे.

"हा तर माळा आहे," एकानं निकाल दिला. "हुरड्याच्या राखणीला घालतो तो. चार खांब, वर खाट. ह्याच्यासाठी विमान?"

मालदीवची बेटं अकराशेच्या वर आहेत, त्यातली शे-दोनशेच वस्तीची. देशातली सगळ्यात उंच नैसर्गिक जागा अडीच मीटरसुद्धा भरत नाही, हेही कुणीतरी मोबाईलवर वाचून दाखवलं. आमच्या कांद्याच्या चाळीचं छप्पर त्याहून उंच आहे. उद्या समुद्र जरा फुगला तर कुठं चढायचं, ह्यावर अर्धा तास गेला. मग दर निघाला. दोघांच्या चार रात्रींत ठिबकसकट दोन एकर मोसंबी उभी राहत होती. लेकीचे पैसे म्हणजे काय बाहेरचे पैसे नाहीत. मालदीव बारगळलं.

मग लक्षद्वीप. इथं कमिटीनं जास्त रस घेतला, कारण विषय एकरात आला. औद्योगिक कॉरिडॉरसाठी जमिनी गेल्यापासून आमच्या गावात वर्तमानपत्रातलं युद्धसुद्धा एकरात मोजतात. छत्तीस बेटांचं लक्षद्वीप सगळं मिळून ३२ चौरस किलोमीटर. गावाच्या बाजूला उभी राहत असलेली औद्योगिक नगरी मोजली तर तीही जवळजवळ तेवढीच, आठ हजार एकरांच्या आसपास. बाकड्यावर जरा वेळ कुणी बोललं नाही. आमच्याच शिवारातून एक अख्खं लक्षद्वीप गेलं आणि दोन रात्री-तीन दिवसांचं पॅकेज कुणाला सुचलं नाही. तिथं जायला परवाना लागतो, असं एकजण म्हणाला. परवाना, सही, शिक्का हे शब्द ऐकताच भूसंपादनात हेलपाटे घातलेली चार माणसं उठून घरी गेली.

अंदमान मात्र जवळजवळ ठरलं होतं. ते मोडलं सासऱ्यांनी. ते निवृत्त मास्तर, इतिहासाचे. फोनवर म्हणाले, "जावईबापू, पंचवीस वर्षं नांदली माझी पोर. तिचा गुन्हा तरी काय?"

"गुन्हा कसला?"

"मग काळ्या पाण्यावर कामून नेऊ लागले?"

पुढं सेल्युलर जेलवर तास झाला. १९११ साली सावरकरांना तिथं नेलं इथपासून तेलाच्या कोलूपर्यंत. मी मधेच सांगून पाहिलं, की आता तिथं पांढरी वाळू आहे, लोक जोडीनं जातात, हॅवलॉक बेटाचं नावही २०१८ पासून स्वराज द्वीप झालंय. ते म्हणाले, "नाव बदलून पाणी बदलतं का?" नाव बदलण्याचा विषय आमच्या जिल्ह्यात निघाला की दोन चहा होतात. मी फोन ठेवला.

शहरातल्या एका ट्रॅव्हल्सवाल्याकडंही जाऊन आलो. त्याच्या एसीत बसून थंडी वाजली. तो म्हणाला, "सर, तुम्हाला ट्रॉपिकल पाहिजे."

"म्हणजे काय?"

"म्हणजे ऊन, दमट हवा, नारळ."

उन्हाचा आम्हाला तुटवडा नाही. फक्त नारळाचे किती होतील, एवढं विचारलं. तो हसला नाही.

घरी येताना कारभारीण म्हणाली, "नाथसागरात पण बेटं आहेत की."

आहेत. पैठण आमच्या उशाशी. जायकवाडीचं पाणी तुडुंब असतं तेव्हा साडेतीनशे चौरस किलोमीटर पसरतं आणि त्यातल्या टेकाडांवर पक्षी उतरतात. अभयारण्य आहे ते. पण आम्हा लोकांना तिथलं बेट दिसलेलं सोसत नाही. मृत साठा लागला की एकेक टेकाड पाठ वर काढतं. मग धरणात गेलेल्या गावांच्या भिंती, देवळांचे चौथरे. २०१६ च्या उन्हाळ्यात अशी किती बेटं निघाली होती. लोक ट्रॅक्टर घालून गाळ भरत होते आणि माझ्या दुकानात उधारीची वही जाड होत होती. आमच्याकडं बेट जसजसं मोठं होतं तसतसा टँकरचा भाव चढतो. आता तेच बघायला पैसे भरून, नवी साडी नेसून जायचं, हे मनाला काही केल्या पटेना.

शेवटी सोडवणूक केली एका खत कंपनीच्या सेल्समननं. त्याची बदली होऊन तो सिंधुदुर्गातून आला होता. म्हणाला, "देवबागला जा. मालवणच्या खाली. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मधी चिंचोळं गाव आणि टोकाला बेट. पासपोर्ट नको, परवाना नको." मी दर विचारला. मोसंबी वाचली.

सहाशे किलोमीटर गाडी हाकली, पुण्यात लेकीकडं एक मुक्काम, कोल्हापुरात अंबाबाईची ओटी, मग फोंडा घाट. घाटाबद्दल मी काही लिहिणार नाही. कारभारणीनं सगळा घाट डोळे मिटून रामरक्षा म्हटली आणि मी तिला नाही म्हणालो नाही.

देवबागच्या खोलीत गेलो तर पलंगावर दोन बदकं. पांढऱ्या टॉवेलांची, चोचीला चोच लावून बसलेली, भोवती जास्वंदीच्या पाकळ्या. कारभारणीनं दारातच पदर सावरला. मग जवळ गेली, एका बदकाची मान चाचपली आणि म्हणाली, "ओलसर आहे हो. असं घडी घालून ठेवलं की वास येतो." दोन मिनिटांत दोन्ही बदकं दोरीवर होती. पाकळ्या तिनं गोळा करून सोबत आणलेल्या गणपतीला वाहिल्या. उद्या संकष्टी होती.

हे मुक्कामाच्या काकींना कळलं तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी सकाळीच सुरमई सांगून ठेवली होती. त्यात कारभारीण माळकरी. रात्री तिला काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि आंबोळ्या वाढल्या. त्यातल्या तीन माझ्या वाटणीच्याही तिनं खाल्ल्या. मला माशाचं ताट आलं. पंचवीस वर्षांत पहिल्यांदा मी तिच्यासमोर बसून मासा खात होतो. ती काट्यांकडं बघत एवढंच म्हणाली, "सांभाळून. इथं आपला डॉक्टर नाही."

सकाळी मालवणच्या जेट्टीवरून सिंधुदुर्ग. तेही बेटच, कुरटे बेट. २५ नोव्हेंबर १६६४ ला शिवाजी महाराजांनी तिथं किल्ल्याचं काम सुरू केलं. आत महाराजांचं मंदिर आहे, राजाराम महाराजांनी बांधलेलं. किल्ला ४८ एकर, असं कळल्यावर माझ्या तोंडून "एकरी काय भाव असेल?" निघून गेलं आणि पुढच्या ओळीतल्या माणसानं मागं वळून बघितलं. मी टोपी सारखी केली.

तट बघायचे होते, बुरूज बघायचे होते. आम्ही विहिरींवर अडकलो. दूधबाव, दहीबाव, साखरबाव. चहूबाजूंनी खारा समुद्र, आत दगडात विहीर आणि विहिरीत गोडं पाणी. आमच्या मळ्यात तीनशे फूट बोअर घेतलं तेव्हा भुकटी उडाली होती. दुसरं घेतलं, त्यात एवढं क्षारयुक्त पाणी लागलं की मोसंबीनं मान टाकली. मी कठड्यावरून वाकून पाहत होतो. समुद्रातल्या खडकात ज्याला गोडं पाणी सापडलं, त्या पाणाड्याला बिडकीनला आणून दाखवायला पाहिजे होतं. कारभारीण माझा शर्ट मागून धरून उभी होती. आजूबाजूला जोड्या तटावर चढून समुद्राकडं पाठ करून फोटो काढत होत्या. आमचा तिथला एकच फोटो आहे. त्यात विहीर आहे.

दुपारी बेट. खरंखुरं, ज्याच्यासाठी आलो होतो ते. कर्ली नदी समुद्राला मिळते तिथं वाळूचा एक पट्टा वर आलाय. लोक त्याला त्सुनामी आयलंड म्हणतात, कारण २६ डिसेंबर २००४ च्या त्सुनामीनंतर तो निघाला, असं तिथं सांगतात. होडीतून उतरलो. माझ्या नजरेला एकरभर वाळू. बांबूच्या टपऱ्या, कांदाभजी, चहा, प्लॅस्टिकच्या खुर्च्या आणि पिवळ्या रबरी केळ्यावर बसून पाण्यात पडायला रांगेत उभी असलेली शहाणीसुरती माणसं. छोटं, समुद्रातलं, नारळाच्या देशातलं. सगळं जुळत होतं. फक्त 'दोघंच' हा भाग शे-दीडशे लोकांनी वाटून घेतला होता.

एक पोरगा मोबाईल घेऊन आला. "काका, काकींचा हात धरा. फोटो मस्त येईल."

"कशाला?" कारभारीण म्हणाली. "मी काय पडू लागले का?"

होडीवाला लांबून बघत होता. म्हणाला, "तुमी खंयसून इलात?"

"संभाजीनगरहून. बिडकीन."

"थंय समुद्र नाय?"

"नाही."

"बरा," तो म्हणाला, आणि मग, "आज तिथी काय?"

हे तो सगळ्या पर्यटकांना विचारत असावा, आणि कुणालाच येत नसावं. कारभारीण ताडकन म्हणाली, "चतुर्थी. संकष्टी." होडीवाल्याचा चेहरा बदलला. त्यानं पहिल्यांदा आम्हाला गिऱ्हाइकातून काढून माणसांत घेतलं. "मगे तिथीची पाऊणपट करा."

पाऊणकी आमच्या पिढीनं पाठ केलेली. चाराची पाऊणपट तीन.

"तीन वाजता पुरी भरती. आता दीड झालो. अजून घटकाभर बसा, मगे बेट जातला."

"कुठं जातला?"

"खंय म्हणजे? पाण्याखाली. रात्री परत येतला."

मी खाली पाहिलं. मघाशी कोरड्या वाळूत ठेवलेल्या चपलेपर्यंत पाणी आलं होतं. टपरीवाला भज्यांची कढई उतरवत होता, घाई नाही, रोजचं काम. ओहोटीला एकर, भरतीला सातबारा कोरा. पाणी घोट्याला लागलं, मग पोटरीला, आणि आजूबाजूला उभी असलेली सगळी माणसं एकदम पाण्यावर उभी असल्यासारखी दिसायला लागली. कारभारणीनं साडी एका हातानं गुडघ्यापर्यंत धरली आणि दुसऱ्या हातानं माझं मनगट. घट्ट. पोरगा फोटो काढून मोकळा झाला.

"दिवसातून दोनदा जातं?" ती होडीवाल्याला विचारत होती. "आमच्याकडं एकदा निघालं की सहा महिने हलत नाही."

त्याला काही कळलं नाही. त्यानं हात देऊन तिला होडीत घेतलं.

रात्री चंद्रोदयाची वाट. 'सी व्ह्यू'चे जास्तीचे पैसे भरलेली आमची खोली पश्चिमेला, आणि चंद्र उगवणार पूर्वेला, खाडीच्या बाजूला. तेव्हा समोरचा समुद्र सोडून आम्ही मागच्या दारी, काकींच्या नारळाच्या सोडणांच्या ढिगाजवळ दोन खुर्च्या टाकून बसलो. काकींनी वरण-भात झाकून ठेवला होता. कर्लीच्या पाण्यापलीकडं माडांतून आधी नुसता पिवळा डाग आला. कारभारीण उठून उभी राहिली. तेवढ्यात फोन वाजला.

"पोचले का बेटावर?" आई. "दर्शन झालं का?"

मी कारभारणीकडं पाहिलं. ती चंद्राला अक्षता टाकत होती.

"होऊ लागलंय," म्हणालो.

"प्रसाद आण."

दुसऱ्या दिवशी मालवणच्या बाजारातून गुळाचा, आल्याचा खाजा दोन किलो घेतला. गावी आल्यावर आईनं तो आधी देव्हाऱ्यासमोर ठेवला, मग आळीत वाटला. शेजारच्या काकूंनी तुकडा कपाळाला लावून तोंडात टाकला आणि विचारलं, "कोणत्या बेटावरचा हो?"

"नवीन आहे," आई म्हणाली. "रात्री परत येणारं."