सांघिक बुद्धिबळाचा अंतिम सामना पाहण्याची शास्त्रोक्त रीत

(हिवरा आश्रम व पंचक्रोशीतील इच्छुकांसाठी)

सर्वप्रथम बाजू ठरवावी. खेळ कळणं नंतरचं. बाजू ठरल्याशिवाय चहा गोड लागत नाही आणि भांडायला कारणही मिळत नाही.

उदाहरणासाठी ग्लोबल चेस लीगचा पहिला अंतिम सामना घेऊ. दुबई, 2 जुलै 2023. एका बाजूला त्रिवेणी कॉन्टिनेन्टल किंग्ज, दुसऱ्या बाजूला मुंबा मास्टर्स. नाव ऐकताच मेहकर तालुक्यानं डोळे मिटून मुंबाच्या मागं उभं राहावं. डोळे मिटणं महत्त्वाचं, कारण उघडले तर संघाची यादी दिसते: फ्रान्सचा वाशिये-लाग्राव्ह, रशियाचा ग्रिश्चुक, आंध्रच्या कोनेरू हम्पी आणि द्रोणवल्ली हारिका, उझबेकिस्तानचा जावोखिर सिंदारोव. सहांत मराठी माणूस एकच, नाशिकचा विदित गुजराथी. एक पुरतो. आपल्याकडं यापेक्षा कमी भांडवलावर पॅनल उभी राहिली आहेत.

एखादा विदर्भवादी इथं हमखास उठेल आणि म्हणेल, आपली नागपूरची दिव्या देशमुख असताना मुंबई-नाशिक कशाला? त्याचं खरं आहे. जुलै 2025 मध्ये बातुमीला दिव्यानं महिलांचा विश्वचषक जिंकला, तोही हम्पीला हरवून. पण ती एकटीची स्पर्धा होती, आपण संघाचं बोलतोय, असं सांगून त्याला खाली बसवावं. चहा त्याला आधी द्यावा.

बसायला जागा अशी निवडावी की रेंज येईल आणि म्हातारी मंडळी येणार नाहीत. पहिली अट कठीण, दुसरी अशक्य. कुणीतरी आजोबा येतातच आणि सांगतात, की त्यांच्या वेळी राजाला एकदा घोड्याची उडी मारता यायची. हे थापा म्हणून उडवून लावू नये. जुन्या देशी डावात राजाला अशी एक सवलत खरोखरच होती. ‘हो आबा, आता बंद केली’ एवढं म्हणून पडद्याकडं बघावं.

आता गुणांचा हिशेब. इथंच भलेभले घसरतात. सहा पटांवर सहा डाव एकदम चालतात आणि एका संघाचे सगळे खेळाडू एकाच रंगाच्या मोहऱ्या घेऊन बसतात. पांढऱ्यानं जिंकलं तर तीन गुण, काळ्यानं जिंकलं तर चार, बरोबरीला एकेक. म्हणजे दोन्ही संघांनी दोन-दोन डाव जिंकले आणि दोन बरोबरीत सुटले, तर तुम्ही ‘बरोबरी’ म्हणून ओरडाल आणि तोंडघशी पडाल. काळ्यांचे दहा झालेले असतात, पांढऱ्यांचे आठ. हे डोक्यात बसत नसेल तर विवेकानंद जन्मोत्सवात पंगत वाढणाऱ्या एखाद्या कार्यकर्त्याला शेजारी घ्यावं. ज्या गावात पुरी आणि वांग्याची भाजी ट्रॅक्टरवरून रांगेरांगेनं पोचवली जाते, तिथं सहा पटांवर लक्ष ठेवणारा माणूस मिळू नये, हे पटत नाही.

पटाशेजारी उभी एक पांढरी-काळी पट्टी दिसेल. तो संगणकाचा अंदाज, कोण किती पुढं आहे त्याचा. नवशिक्यानं फक्त पट्टीकडंच पाहावं. पट्टी वर गेली की ‘आता घोडा आत घातला पाहिजे’ असं गंभीरपणे पुटपुटावं. कोणता घोडा, हे सांगू नये. कृषी महाविद्यालयातला एखादा पोरगा ‘कुठल्या घरात?’ असं विचारू शकतो, म्हणून वसतिगृहाची मुलं थोडी लांब बसवलेली बरी. पट्टीची एक खोड मात्र लक्षात असू द्यावी. यंत्राला दिसलेली चाल खेळाडूला दिसेलच असं नाही, आणि घड्याळात काही सेकंद उरलेल्या माणसाला तर समोरचा हत्तीही दिसत नाही. यंत्रानं जिंकलेला डाव माणूस हरतो, तीच खरी बघण्याची वेळ. नेमकी तेव्हाच रेंज जाते. त्यावर उपाय नाही.

ओरडावं की नाही? गल्लीतल्या कबड्डीला ओरडलं तर चढाई करणाऱ्याला जोर येतो. इथं खेळाडू दुबईत बसलेला, तुम्ही टपरीवर. ओरडून त्याचं काही बिघडत नाही, तेव्हा खुशाल ओरडावं. फक्त आश्रमात प्रार्थना चालू असेल तर मनातल्या मनात.

मध्येच रस्त्यानं जाणारा कुणी थांबून विचारतो, ‘काय भाऊ, कोन जिकून रायलं?’ या प्रश्नाला सहा डाव संपेपर्यंत खरं उत्तर नसतं. ‘तिसऱ्या पटावर गडबड आहे’ हे उत्तर मात्र कोणत्याही सामन्यात, कोणत्याही मिनिटाला चालतं.

कर्णधाराला दोष देण्याची आपली क्रिकेटची सवय इथं आवरावी. बुद्धिबळ ऑलिम्पियाडमध्ये कर्णधारानं आपल्या खेळाडूला काय सांगावं? बरोबरी माग, किंवा समोरच्यानं दिली तर घे किंवा घेऊ नको. डाव कसा आहे याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. 2024 मध्ये बुडापेस्टला भारतीय महिलांनी सुवर्ण जिंकलं, तेव्हा त्यांचे न खेळणारे कर्णधार होते पुण्याचे अभिजित कुंटे. आपल्याकडच्या एखाद्या सरपंचाला ग्रामसभेत एवढंच बोलायची मुभा दिली तर काय होईल, याचा विचार करून पाहावा.

आता निकाल. त्या दिवशी दुबईत नेहमीच्या लढती होऊनही कोंडी फुटली नाही. झटपट डावांनीही फुटली नाही. शेवटी एकेका पटाच्या निर्णायक डावांवर सगळं आलं. तिथं त्रिवेणीच्या डेन्मार्कच्या योनास बियेर्रनं मुंबाच्या सिंदारोवला हरवलं. दिवसभर सहा-सहा जण झुंजले आणि चषक गेला तो एका पोराच्या हातून.

हरल्यावर कुणावर तरी खापर फोडणं हा या विधीचा शेवटचा भाग, आणि इथं ते आयतंच समोर होतं. सिंदारोव तेव्हा 17 वर्षांचा. ‘एवढ्याशा पोराला कशाला बसवलं?’ हे वाक्य ज्याला बुद्धिबळातलं काही कळत नाही त्यालाही म्हणता येतं, म्हणून ते फार सोयीचं आहे. पण म्हणायचंच असेल तर त्याच संध्याकाळी म्हणून मोकळं व्हावं, पुढच्यासाठी राखून ठेवू नये. नोव्हेंबर 2025 मध्ये, आपल्या शेजारी गोव्यात, त्याच सिंदारोवनं खुला विश्वचषक जिंकला. अंतिम फेरीत त्यानं हरवलं ते चीनच्या वेई यीला, आणि हा वेई यी दुबईत त्रिवेणीच्या बाकावर होता.