उखळीचा सांधा

आमच्या गावाच्या नावातच अर्धं काम सांगून ठेवलंय. त्यामुळे अर्धापुरात कुणाच्या अंगणात गाडी तीन चाकांवर दिसली तरी जाणारा-येणारा फारसा थबकत नाही. पण ऐन खंडेनवमीला माझ्या गाडीसमोर मात्र माणसं थबकली. पुढून दोन लोखंडी घोड्यांवर चढवलेली, डावं चाक काढून गाडीखाली सरकवलेलं, बॉनेटवर झेंडूची माळ. चाक नाही तिथं बायकोनं रीतीप्रमाणे लिंबू ठेवलं होतं. चाकाखाली चिरडायचं लिंबू, आणि त्याच्यावर चाकच नाही. शेजारचे काका फाटकातूनच म्हणाले, "गुर्जी, गाडी पूजेला बसवली का दवाखान्यात टाकली?"

सुरुवात एका आवाजानं झाली होती. टक्. गतिरोधकावर एकदा, वळताना एकदा. तो पहिल्यांदा बायकोनं ऐकला, आणि मी रेडिओचा आवाज वाढवला. हा उपाय दोन महिने उत्तम चालला. पुढे गाडी सरळ रस्त्यावरही जराशी स्वतःच्या मनानं जाऊ लागली, आणि टायरची आतली कड चपलेच्या टाचेसारखी झिजली.

गाडीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा नाही. सात माणसांची गाडी, पण तिच्यातून सात माणसं कधीच गेली नाहीत. एक तर तीन गेली, नाहीतर अकरा आणि खताची दोन पोती. ईसापूरच्या कालव्याचं पाणी आलं तशा इथं केळीच्या बागा पसरल्या, आणि अर्धापुरी केळी कुठल्या कुठं पोचली. मोठा रस्ता म्हणावा तर गुळगुळीत आहे. पण बाग मोठ्या रस्त्याला नसते. ती पांदणीच्या टोकाला असते. काळ्या मातीची पांदण पावसाळ्यात चाक गिळते आणि दिवाळीनंतर त्याच चाकोऱ्या दगडासारख्या वाळवून ठेवते. अशा रस्त्यावर पुढची दोन चाकं वर-खालीही होतात आणि डावी-उजवीही वळतात, दोन्ही एकाच वेळी. हे ज्या सांध्यावर चालतं त्याला बॉल जॉइंट म्हणतात.

नांदेडच्या मिस्तरींनी चाक जॅकवर उचललं, टायरखाली सब्बल घातली आणि हलकेच उचकटली. चाक बोटभर वर गेलं आणि टक्. "बालजाइंट गये साब. ऊपर का भी, नीचे का भी. रबर फटेला है, अंदर पूरी मिट्टी." एक पोलादी गोटी, तिला धरणारी वाटी, वर ग्रीस, आणि सगळ्याला रबराची टोपी. टोपी फाटली की ग्रीस बाहेर आणि चिखल आत. पुढं गोटी वाटीत न राहता वाटीत खेळू लागते. आणखी उशीर केला तर एके दिवशी गोटी वाटीतून निसटते आणि चाक आडवं पडतं. रेडिओ लावण्याचा माझा उपाय किती थोर होता ते मला तिथं कळलं.

घरी आल्यावर आईनं विचारलं, "काय म्हनला मिस्तरी?"

"बालजाइंट गेले."

"आगं माय! कुनाचं बाळ?"

तिला समजावून सांगायला मला वेळ लागला नाही, कारण हा धडा मी बावीस वर्षं शिकवला आहे. शरीरातले सांधे: बिजागरीचा, उखळीचा, सरकता. कोपर बिजागरीचा, दाराप्रमाणे एकाच बाजूला उघडणारा. खांदा आणि खुबा उखळीचे, सगळीकडे फिरणारे. गाड्यांचा इतिहासही याच धड्यातून गेलेला आहे. पूर्वी पुढचं चाक किंगपिनवर वळायचं, म्हणजे शुद्ध बिजागरी. मग 1952 साली अमेरिकेत लिंकन गाडीला पुढे बॉल जॉइंट आले आणि चाकाला उखळीचा सांधा मिळाला. आईला मी एवढंच सांगितलं, "तुझा खुबा गेला होता ना, तसाच गाडीचा गेलाय."

दोन वर्षांपूर्वी ती न्हाणीघराच्या पायरीवर घसरली आणि नांदेडला तिचा खुब्याचा सांधा बदलला. तेव्हापासून मी या विषयावर जरा जास्तच वाचतो. इंग्लंडच्या जॉन चार्नली या शल्यविशारदांनी 1950 च्या दशकाच्या शेवटी पोलादी गोटीला टेफ्लॉनची वाटी दिली, आणि ती वाटी दोन-चार वर्षांत झिजून गेली. मग 1962 साली त्यांनी पॉलिथिलीनची वाटी घेतली आणि ती टिकली. आज बहुतेक गाड्यांच्या बॉल जॉइंटातही पोलादी गोटी प्लास्टिकच्याच वाटीत बसते. म्हणजे आई आणि गाडी यांच्यात वाटतं तेवढं अंतर नाही.

"मंग कोन बसवनार?" तिनं विचारलं.

"मीच. मोबाईलवर सगळं दाखवतात."

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "माझा खुबा बसवताना डाक्टरनं मोबाईल पाहून बसवला व्हता का?"

मिस्तरींनी मला सामान दिलं, आपला पुलर उसना दिला, आणि एकच गोष्ट दोनदा बजावली. चाकाला धरणाऱ्या खालच्या आर्मवर दाबलेली स्प्रिंग बसलेली असते. गाडी घोड्यांवर असली तरी आर्मखालचा जॅक काढायचा नाही. काढला आणि सांधा सुटला, तर स्प्रिंग बाहेर येते, आणि ती कुणाला विचारून येत नाही. हे ऐकून मी जॅकशिवाय आणखी एक लाकडी ओंडका आर्मखाली ठेवला. मागच्या चाकांना दगड लावले. चाक काढून तेही गाडीखाली आडवं सरकवलं. माझ्या भित्रेपणाचा मला अभिमान वाटावा असे प्रसंग थोडे, हा त्यातला एक.

मग पोतं अंथरलं, आडवा झालो आणि नट सोडवला. तो दोन वेढे तसाच राहू दिला, म्हणजे सांधा सुटला तरी सगळं अंगावर येत नाही. आता सांधा सुटायला हवा होता. तो सुटला नाही. बॉल जॉइंटची दांडी निमुळती असते आणि तशाच निमुळत्या भोकात बसते. ती नटानं धरलेली नसतेच. नट फक्त तिला जागेवर ओढतो. धरते ती त्या निमुळतेपणानं, अंगाला अंग घासून. स्टीफन मोर्स नावाच्या अमेरिकन कारागिरानं 1860 च्या दशकात असाच निमुळता मेळ ड्रिलच्या दांड्यांसाठी बसवला. आज खुब्याच्या रोपणात गोटी दांड्यावर बसते तीही याच मेळानं. डॉक्टर ती ठेवतात, हातोडीनं टोला देतात, झालं. बसवायला एक टोला. काढायला माझा अख्खा शनिवार गेला. डिझेल ओतलं. पुलर लावला, त्यानं उरलीसुरली रबरी टोपी फाडली. नटावर घण घातला, तर आटे चेपले. बायको टॉर्च धरून बसली होती. ती काही बोलत नव्हती, आणि तिचं काही न बोलणं मला घणापेक्षा जास्त ऐकू येत होतं.

रविवारी खंडेनवमी. हत्यारं धुऊन पाटावर मांडली. पाने, घण, जॅकचा दांडा, सब्बल, सगळ्यांना हळदकुंकू लागलं. आमच्याकडे त्या दिवशी हत्यार उचलत नाहीत. एरवी मी अशा गोष्टींवर वर्गात दोन शब्द बोलतो, पण त्या रविवारी परंपरा मला एकदम पटली. पाठ धरली होती.

दसऱ्याला सकाळी मिस्तरींना फोन केला. "नट पे मत मारो साब. कान पे मारो."

दांडी ज्या पोलादी कडीत बसते तिला ते कान म्हणतात. दांडीच्या डोक्यावर मारून ती आणखी चेपते. कडीला बाजूनं टोला बसला की कडी क्षणभर हलते, आणि तेवढ्यात पकड सुटते. बावीस वर्षांच्या मास्तरकीत कानाखाली वाजवण्याचा प्रसंग मी टाळत आलो होतो. तो असा आला. पहिला टोला, काही नाही. दुसरा, काही नाही. तिसऱ्याला आवाजच बदलला. ठण्णचा धप् झाला आणि दांडी अर्ध्या बोटानं खाली आली. मी गाडीखालून इतक्या जोरात ओरडलो की काका सोनं घेऊनच धावत आले. आपट्याची पानं मी काळ्या हातानं, आडव्या अवस्थेतच स्वीकारली.

नवा सांधा बसवणं म्हणजे सांगण्यासारखं काहीच नाही. तो जातो. नट कसायचा, आणि त्याच्या खाचा दांडीच्या भोकासमोर येईनात तर पुढेच कसायचा, मागे कधी घ्यायचा नाही. मग भोकातून कॉटर पिन आणि तिची टोकं वाकवायची. जुनी पिन पुन्हा वापरायची नाही. वितभर लांबीचीही नसते ही पिन. हिच्यावर सात माणसांचा, किंवा अकरांचा, जीव असतो.

आई ओट्यावरून बघत होती. म्हणाली, "ही तर कुणी."

बैलगाडीच्या आसाच्या टोकाला चाक बाहेर येऊ नये म्हणून खीळ घालतात, ती कुणी. लहानपणी शेताला निघताना आजोबा वंगणाचं नळकांडं आणि कुणी बघूनच बैल जुंपायचे. मुलगी शेजारी होती, तिनं विचारलं, "कुणी म्हणजे कोण?" आई म्हणाली, "कुणीच नसलं की चाक निघून जातंय बाई, तेच."

बायकोनं टॉर्च खाली ठेवली. "कैकेयीनं त्या कुणीच्या जागी एक बोट घातलं, तर दोन वर मिळाले. मी दोन दिवस टॉर्च धरली."

"माग."

"आत्ता नाही. राखून ठेवते."

रामायण माहीत असलेल्या माणसाला याहून जास्त घाबरवता येत नाही.

उजवी बाजू दीड तासात झाली, तिच्याबद्दल बोलायला काही नाही. संध्याकाळी गाडी खाली उतरली आणि रविवारचं लिंबू अखेर फुटलं. दुसऱ्या दिवशी अलाइनमेंटला नांदेडला निघालो, कारण नव्या सांध्यांनंतर चाकांची दिशा बघून घ्यावी लागते. आई पुढे बसली, बायको मागे. वसमत फाट्याचा गतिरोधक गेला, आवाज नाही. मी रेडिओ मुद्दाम बंद ठेवला होता. आसनेचा पूल आला. पुलाआधीच्या उंचवट्यावर मी गाडी हळू घेतली, कान लावून.

टक्.

माझ्या पोटात गोळा आला. दोन दिवस, घण, कान, सगळं डोळ्यांपुढून गेलं. मी गाडी कडेला घेऊ लागलो.

"चाल चाल," आई म्हणाली, "ते मी हाय. गुडघा."

मागून बायको म्हणाली, "आई, यांच्यासमोर सांगू नका. डिकीत सब्बल आहे."