पाहुण्याचं वजन

वजन कमी करण्याच्या कामी मला आजवर सर्वांत मोलाची मदत केली ती जिल्हाधिकारी कार्यालयाने. डॉक्टर, जिम आणि पावलं मोजणारं मोबाइलमधलं ॲप हे सगळे त्याच्यानंतर. पावसाचा जोर वाढला, डोंगरातून दगडमाती रस्त्यावर यायला लागली की वरंधा घाट वाहतुकीला बंद करण्याचा आदेश निघतो. आदेश निघाला की मी पुण्यात अडकतो आणि माझं वजन उतरायला लागतं. ताम्हिणीने माणगावला उतरून महाडकडे येता येतं, नाही असं नाही. पण तेवढा वळसा गणपतीसाठी घेतला जातो, दर शनिवारी नाही. त्यामुळे पावसाळ्यात माझी पँट सैल होते, आणि घाट खुला झाल्याची बातमी आली की पट्ट्याची भोकं पुन्हा एकेक करून मागे सरकतात.

माझं गाव वरंध. घाट उतरून महाडकडे जाताना पायथ्याशी लागतं ते. नोकरी पुण्यात, सरकारी कचेरीत. सोमवार ते शुक्रवार माझ्याइतका शिस्तीचा माणूस त्या कचेरीत नाही. डबा घरचा, चहा बिनसाखरेचा, कुणाच्या बढतीचा पेढा आला तर त्याचा अर्धा तुकडा मोडून उरलेला शेजारच्या टेबलावर. शुक्रवारी संध्याकाळी काट्यावर उभा राहिलो की आकडा पाहून स्वतःचा अभिमान वाटतो. आणि मग शनिवार उजाडतो.

रविवारची सुट्टी आपल्याला फुकट मिळालेली नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांनी मुंबईतल्या गिरणी कामगारांसाठी वर्षानुवर्षं ती लावून धरली, तेव्हा कुठे 10 जून 1890 रोजी गिरणीमालकांनी मान्य केली. आमच्या महाड-पोलादपूरकडची घरटी एकदोन माणसं पुढे त्याच गिरण्यांत राबली. सहा दिवस साच्यावर उभं राहणाऱ्या माणसाला सातव्या दिवशी मटण खायचा पुरेपूर अधिकार होता. माझ्यापर्यंत वारशात मटण तेवढं आलं, साचा आला नाही. त्यात 29 फेब्रुवारी 2020 पासून राज्य सरकारने पाच दिवसांचा आठवडा केला आणि शनिवारही मोकळा झाला. तो पहिला शनिवार लीप वर्षातला, म्हणजे मुळातच वर्षाला वरकड मिळालेला दिवस. शासन इतकं उदार झाल्यावर पोट तरी मागे कसं राहणार?

हिशेब मोठा निर्दयी आहे. रोज 500 कॅलरी कमी खाल्ल्या तर पाच दिवसांत अडीच हजार वाचतात. शनिवार आणि रविवार मिळून गरजेपेक्षा तेवढ्याच जादा पोटात गेल्या की खातं शून्यावर. आठवडाभर उकडलेल्या दुधीशी केलेला संसार एका दुपारीत मोडतो. शरीरातली किलोभर चरबी उतरवायला साधारण 7,700 कॅलरींची तूट लागते, म्हणजे या चालीने माझा पहिला किलो निवृत्तिवेतनाबरोबरच हातात पडायचा. फिनलंडमधल्या संशोधकांनी 80 माणसांच्या रोजच्या वजनांचा अभ्यास 2014 साली प्रसिद्ध केला. त्यातही हेच निघालं: वजन शनिवारपासून चढतं आणि मंगळवारपासून उतरतं. तिकडे वरंधा घाट नाही, आमची आई नाही, तरी हे. दिलासा इतकाच की सोमवारी काट्यावर दिसणारी सगळी वाढ चरबीची नसते. भात-भाकरीची साखर शरीर साठवतं तेव्हा सोबत पाणीही साठवतं, आणि पापड-लोणचं-सुकटीतलं मीठ त्या पाण्याला आणखी धरून ठेवतं. पाणी दोनतीन दिवसांत जातं. उरतं ते आपलं.

मोहाचं पहिलं ठाणं गाव यायच्या आधीच लागतं. भोर सोडलं, नीरा-देवघरचं पाणी मागे पडलं की घाट सुरू होतो आणि वाघजाईच्या देवळापाशी गाडी आपोआप डावीकडे घेतली जाते. देवीला हात जोडणं हा धर्म, आणि शेजारच्या टपरीवर कांदाभजी खाणं हा त्याचा उत्तरार्ध. समोर दरी, दरीत धुकं, कढईत तेल. माकडं कठड्यावर बसून कुणाच्या हातातली पुडी सैल आहे याचा अंदाज घेत असतात. खाण्यावर ताबा कसा ठेवावा, असं डॉक्टर विचारतात तेव्हा मला ती माकडं आठवतात. झडप घालून माझी अर्धी भजी नेणारं माकड हा माझा आजवरचा एकमेव यशस्वी आहारतज्ज्ञ. पण पुडी गेली की मी दुसरी घेतो, तिथे तोही हरतो.

घरी पोचलो की आई ओटीवर उभीच असते. चप्पल काढायच्या आत निकाल लागतो.

"वाळलास किती रे! आजारी-बिजारी होतास की काय?"

"आई, चार किलो जास्त आहे अजून."

"कुठे आहे? दाखव मला."

पुण्यातला डॉक्टर कमरेला टेप लावतो आणि पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या पुढे गेली की भुवई चढवतो. गावात वजन गालावर मोजतात. गाल आत गेले म्हणजे सुनेचं लक्ष नाही, किंवा नोकरीत काही तरी बिनसलं आहे. शेजारची काकी कुंपणापलीकडून पाहते आणि हळू आवाजात आईला विचारते, "साखर निघाली काय त्याला?" अशा वेळी ताटातला एक वडा परत करणं म्हणजे घराण्याची अब्रू वेशीवर टांगणं.

शास्त्राचा आधार घ्यावा म्हणून मी एकदा डॉ. जगन्नाथ दीक्षितांची पद्धत आईला समजावून सांगितली. दिवसातून दोनदाच जेवायचं, प्रत्येक जेवण 55 मिनिटांच्या आत संपवायचं, मधे काही खायचं नाही. आईने सगळं नीट ऐकून घेतलं.

"किती जेवायचं ते सांगितलंय?"

"भूक भागेल तेवढं."

"मग देवमाणूस आहे," ती म्हणाली आणि 55 मिनिटांत किती वाढता येतं याचा कस लावायला लागली. वहिनीचा पक्ष ऋजुता दिवेकरांचा. आपल्या मातीतलं खा, आजी खायची ते खा, तुपाला घाबरू नका. यातलं शेवटचं वाक्य आमच्या घराने पहिलं म्हणून धरलं. एका बाजूने वाढपाला आणि दुसऱ्या बाजूने तुपाला वैद्यकीय पाठबळ मिळाल्यावर माझ्या बाजूने कुणीच उरलं नाही. आणि दोन जेवणांच्या मधलं काही खायचं नाही हे कलम तर गावात अंमलात येणंच अशक्य. वाडीत चक्कर मारायची म्हणजे घरोघरी चहा. साखरेच्या एका चमच्यात 20 कॅलरी असतात, आणि आमच्याकडे चमचे मोजणाऱ्याला कंजूष म्हणतात.

खरं तर जुन्या माणसांनी आठवड्याला एक पथ्य लावून दिलेलं होतं. सोमवार शंकराचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा, या दिवशी घरात मासळी-मटण नाही. म्हणजे शनिवार मुळात संयमाचाच वार. पण उपवासाला साबुदाण्याची खिचडी, वर दाण्याचं कूट, बाजूला बटाट्याची भाजी आणि 'उपवास आहे ना, मग पोटाला आधार हवा' म्हणून केळी. एकादशी आणि दुप्पट खाशी ही म्हण लिहिणारा माणूस आमच्याकडे जेवून गेला असावा. रविवारी सकाळी भाऊ बिरवाडीहून मटण घेऊन येतो. वडे तळणं अकराला सुरू होतं आणि ते कधी संपतं हे पाहायला मी जागा नसतो.

हे चुकवावं तर लग्नं आहेत. शेजारच्या पोलादपूर तालुक्यातल्या उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी आहे. पोटच्या पोराचं लग्न बाजूला ठेवून तो माणूस मोहिमेवर निघाला. त्याच मुलखातल्या मला चुलतभावाच्या मेहुण्याच्या साखरपुड्याची जिलेबी बाजूला ठेवता येत नाही. शिवथरघळही आम्हाला जवळच. समर्थांनी दासबोध तिथे बसून सांगितला असं मानतात, आणि शंकर श्रीकृष्ण देवांनी 1930 साली ती घळ शोधून लोकांपुढे आणली. त्या ग्रंथात मूर्खलक्षणांचा आख्खा समास आहे. मी तो भीत भीत वाचला. सोमवारपासून डाएट सुरू करणाऱ्याचा त्यात उल्लेख नाही. अर्थात तेव्हा रविवारची सुट्टीही नव्हती.

तर असं चाललेलं असताना सातबाऱ्यावरच्या वारसनोंदीसाठी मला एका मंगळवारी अचानक महाडला जावं लागलं. कळवायला वेळ नव्हता. पाऊस लागून दहाबारा दिवस झाले होते, घाट अजून चालू होता. काम आटोपून संध्याकाळी न सांगता घरी पोचलो तर आई चुलीपुढे बसलेली. तव्यावर नाचणीची भाकरी, टोपात कुळथाचं पिठलं, लसूण घालून परतलेला कोवळा टाकळा, बाजूला कांदा आणि ठेचा. भाताची मूदही होती, पण मुठीएवढीच. दिवेलागणीला जेवणं आटोपायची तयारी.

आई ओशाळली. "आधी कळवायचंस ना रे. काही तरी केलं असतं."

मी ताटाकडे पाहत राहिलो. पुण्यात एका आहारसल्लागार बाईंनी मला पैसे घेऊन जो तक्ता दिला होता, तो इथे वाढलेला होता. मिलेट, कडधान्य, हिरवी पालेभाजी, तेल कमी, रात्रीचं जेवण लवकर. नाचणीत कॅलरी तांदळाहून फार कमी नसतात. शंभर ग्रॅमला तिच्या 320 तर तांदळाच्या 350 च्या घरात. पण तंतू तिच्यात तांदळाच्या तिपटीहून जास्त, त्यामुळे दोन भाकऱ्यांनंतर तिसरी मागायचं धाडस होत नाही. कुळथात शंभरातले वीसबावीस ग्रॅम प्रथिनं. आणि टाकळा तर बांधावर फुकट उगवतो, त्याच्यामागून भारंगी, कुर्डू, फोडशी अशी रांगच लागते. आमच्या डोंगरउतारावर नाचणी-वरी पिकते म्हणून लोक ती खात आले. तिला आंतरराष्ट्रीय वर्ष वगैरे 2023 मध्ये मिळालं.

म्हणजे हे घर आठवड्याचे पाच दिवस माझ्याहून कडक पथ्यावर होतं. आई सत्तरीत आहे, अजून वरच्या शेतात चढून जाते आणि तिच्या पोटाचा घेर कुणी कधी मोजलेला नाही. तिथले वडे, मटण, तूप, साखर हे शनिवार-रविवारमुळे नव्हतेच. ते माझ्यामुळे होते. मी आलो की सण, आणि मी दर आठवड्याला येत होतो. पूर्वी मुंबईचा चाकरमानी गणपतीला आणि शिमग्याला यायचा, त्याला कोंबडी कापणं घराला आणि त्याच्या कमरेला दोन्हींना परवडायचं. गाड्या झाल्या, सुट्ट्या वाढल्या, येणं बारमाही झालं. पाहुणचार मात्र वर्षातून दोनदा येणाऱ्याच्याच मापाचा राहिला.

तेव्हा उपाय ताटात नव्हता, माझ्या हुद्द्यात होता. पाहुणेपणाचा राजीनामा द्यायला हवा होता. हे वाटतं तितकं सोपं नाही, कारण राजीनामा मंजूर करणारी अधिकारी आई. मी पहिली गोष्ट केली ती कळवून येणं बंद केलं. मग ओटीवर पाट मांडून बसणं सोडलं आणि ताट घेऊन चुलीपाशी जाऊन बसायला लागलो. तिथे बसणाऱ्याला पाहुणा म्हणून वाढता येत नाही, त्याला उलट 'तेवढा विस्तव सार' म्हणून सांगता येतं. मग भावाबरोबर शेतावर जायला लागलो. लावणीत अर्धा दिवस चिखलात वाकून राहिलेल्या माणसाला आई काय वाढते ते पाहिलं आहे का? भाकरी, सुक्या बोंबलाचं कालवण आणि भरपूर भात. भात खाल्ला तरी काट्यावर दिसत नाही, कारण तो कमावलेला असतो. शिवाय चिखलातून आलेल्या पोराला ती 'वाळलास' म्हणत नाही. 'जरा पोट कमी कर, वाकताना धापा टाकतोस' म्हणते. हे वाक्य पुण्यातल्या डॉक्टरने म्हटलं होतं तेव्हा मी डॉक्टर बदलला होता.

मटण बंद झालेलं नाही. रविवारी ते होतंच, लोखंड्यांच्या कष्टांचा मान राखायला हवा. पण वड्यांच्या जागी भाकरी आली, आणि वाढणारा हात दुसऱ्यांदा आला की 'घरचाच आहे, लागलं तर घेईन' हे वाक्य आता चालतं. पूर्वी मी 'नको' म्हणायचो. 'नको' हे पाहुण्याचं उत्तर. पाहुणा नको म्हणतो आणि घरचे वाढतात, ही रीतच आहे.

फक्त एक अडचण झाली. ज्या घराला दर शनिवारी पाहुणा लागायची सवय झाली आहे, त्याला एकाएकी पाहुण्यावाचून राहता येत नाही. गेल्या खेपेला बायको बरोबर होती. मी चुलीपाशी बसून नाचणीची भाकरी मोडत होतो आणि ओटीवरून आवाज येत होते.

"घे गं, पुण्यात कुठे मिळतात असे वडे."

"आई, मी सून आहे हो. पाहुणी कधीपासून झाले?"

"तो चुलीपाशी गेला तेव्हापासून. घे, एकच घे. गाल बघ किती आत गेलेत."