दोन टक्क्यांचे समाजकार्य

कंपनी अधिनियम २०१३ च्या कलम १३५ने उद्योगांच्या दानधर्माला ताळेबंदात बसवले आणि १ एप्रिल २०१४ रोजी ते लागू झाल्यावर ‘सीएसआर हेड’ हा अधिकारी भरभराटीला आला. सीएसआर म्हणजे उद्योगांचे सामाजिक दायित्व. ५०० कोटींची नक्त मालमत्ता, १,००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा असलेल्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे किमान २ टक्के त्यावर खर्चावेत, अशी ही तरतूद आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये माळरानावर किर्लोस्करवाडी ही उद्योगवसाहत उभी केली खरी, परंतु केवळ स्वतःच्या कर्मचाऱ्यांच्या लाभाचा खर्च आजच्या नियमांत धरला जात नसल्याने, कामगारांच्या घरांपुरते तरी त्यांच्या पदरी शून्यच पडले असते.

या अधिकाऱ्याचे आर्थिक वर्ष दोन ऋतूंत विभागलेले असते: डिसेंबरपर्यंत तो संचालकांकडे पैसे मागतो आणि फेब्रुवारीपासून ते पैसे घेणारा कोणी भेटेल का, हे शोधत हिंडतो. कायदा कारखान्याभोवतालच्या परिसराला, म्हणजे स्थानिक क्षेत्राला, प्राधान्य द्यायला सांगत असल्यामुळे पुण्याच्या विश्रांतवाडी, धानोरी, कळस अशा वस्त्यांतील शाळांना मार्चमध्ये अचानक पाहुणे येऊ लागतात. शाळेला हवा असतो नळदुरुस्तीला वर्षभर येणारा माणूस. मिळते ते हात धुण्याचे चकचकीत केंद्र, ज्याच्यावरील देणगीदाराची पाटी बेसिनपेक्षा रुंद असते आणि ज्याच्या तोट्यांना पाणी मात्र उद्घाटनापुरते, तेही टँकरचे. (तोटी फिरवणाऱ्या पाहुण्याचे छायाचित्र वार्षिक अहवालात पानभर येते, हे सांगणे नलगे.)

मॅरेथॉनसारखे एकदिवसीय सोहळे या खर्चात धरू नयेत, असे केंद्र सरकारने २०१४ च्या परिपत्रकातच स्पष्ट केल्याने या पेशाची मोठीच पंचाईत झाली, कारण टी-शर्ट वाटून होणारे समाजकार्य हेच त्याला सर्वांत चांगले जमत होते.

खरी कसोटी ज्येष्ठ वद्यात लागते. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आळंदीहून पुण्याकडे जाताना विश्रांतवाडीतून जाते, तेव्हा रस्त्याकडेच्या मंडपात पाणी, केळी, बोधचिन्हाचे रेनकोट असा जामानिमा मांडलेला असतो. ‘लाभार्थी’ म्हणजे मदत घेणारा, आणि त्याची सही नोंदवहीत घेणे हे हिशेबाच्या दृष्टीने पाण्याहून महत्त्वाचे ठरते. वारकरी पाणी पितो, ‘माउली’ म्हणतो आणि दिंडीत मिसळतो. नोंदवही हातात धरून त्याच्यामागे फुलेनगरपर्यंत चालत गेलेल्या कनिष्ठ अधिकाऱ्याची वारी कोणत्या शीर्षाखाली दाखवावी, याबद्दल मान्य कामांची यादी देणारी कायद्याची सातवी अनुसूची मौन बाळगते.