अण्णा निघूलालेत

आमच्याकडं लग्नाची पत्रिका द्यायला आलेला माणूस अण्णांना हमखास विचारतो, “त्या तारखेला हितंच हाव ना?” अण्णा चष्मा कपाळावर सरकवतात, भिंतीवरच्या कालनिर्णयकडं बघतात आणि म्हणतात, “तसं नक्की नाही. पण धरून चाला.” गेल्या नऊ-दहा वर्षांत त्यांनी गावातलं एकही लग्न चुकवलेलं नाही. पहिली पंगत तर नाहीच नाही.

धाराशिव जिल्ह्यातल्या जरा मोठ्या गावांतून आता अशी एक नवी जात तयार झाली आहे. पोरगा इंजिनियर होऊन पुण्याला जातो, तिथून परस्पर परदेशात जातो, तिकडं पक्का होतो आणि इकडं त्याचे आईबाप ‘निघणारे’ होतात. हे लोक गेलेले नसतात, पण राहिलेत असंही कुणी धरत नाही. सोसायटीच्या निवडणुकीत त्यांना पॅनेलमध्ये घेत नाहीत. भजनी मंडळाची पेटी त्यांच्या घरी ठेवत नाहीत. भिशीत पहिला नंबर तर अजिबात देत नाहीत.

अण्णा म्हणजे जिल्हा परिषदेचे रिटायर गुरुजी. गाव लोहारा तालुक्यात, सास्तूरच्या अंगाला. मुलगा मेलबर्नला, मुलगी लातूरला. २०१६ साली मुलानं फोनवर सांगितलं की आता तुम्ही दोघं इकडंच राहायला या, अर्ज करू. अण्णांनी त्याच संध्याकाळी पारावर जाहीर केलं, आणि तेव्हापासून ते निघालेले आहेत.

अर्जाच्या पहिल्याच अटीनं अण्णांची मान ताठ झाली. ऑस्ट्रेलियाचा नियम असा, की आईबापांना तिथं कायमचं राहायचं असेल तर निदान निम्मी अपत्यं तिथं स्थायिक पाहिजेत. अण्णांना दोन, एक तिकडं. म्हणजे काठावर पास. शेजारच्या आबांना चार, त्यांतला एकच तिकडं. तिघं इथंच शेती करतात. म्हणजे नापास. “लाल त्रिकोणाचं आम्ही ऐकलं, म्हणून आज हा दिवस,” असं अण्णा आबांच्या तोंडावर म्हणाले. त्यावर आबा दोन महिने बोलत नव्हते.

मग कागद सुरू झाले. मुलानं इंग्रजीतली यादी पाठवली. अण्णांनी तिची सुवाच्य मराठी नक्कल करून दाराच्या आतल्या बाजूला चिकटवली, जुनं टाचण लावायचे तशी.

जन्मतारीख १ जून १९५१. ही अर्थातच हेडमास्तरांनी दिलेली. आमच्या पिढ्यान्‌पिढ्या १ जूनलाच जन्मल्या आहेत. शाळा उघडायच्या तोंडावर जन्मायची आमच्याकडं पद्धतच आहे म्हणा ना. खरा जन्म बहुतेक सुगीतला, कारण आजी सांगायची की तेव्हा घरात काढणीची गडबड होती. पण ‘काढणीची गडबड’ लिहायला फॉर्ममध्ये रकाना नाही.

त्याहून अवघड होतं जन्मस्थान. अण्णा जन्मले तेव्हा निजाम जाऊन तीन वर्षं झाली होती, पण राज्य हैदराबादच होतं. १९५६ ला ते मुंबई राज्यात गेले, १९६० ला महाराष्ट्रात. तालुका आधी उमरगा, पुढं लोहारा वेगळा निघाला. १९८२ साली लातूर जिल्हा तुटला तेव्हा निम्मे पाहुणे एका रात्रीत परजिल्ह्यात गेले; अण्णा राहिले उस्मानाबादेत. इतकं सगळं होईस्तोवर हा माणूस बैल बांधायच्या जागेवरून हललेला नव्हता. हलला तो एकदाच. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपात गाव पडलं. नवं गाव जुन्यापासून दीड-दोन किलोमीटरवर वसलं आणि अण्णांना चारशे चौरस फुटांचं पुनर्वसनाचं घर मिळालं. आतापर्यंत कुठं कुठं राहिलात, या प्रश्नाखाली जुन्या घराचा पत्ता लिहून पुढं कंसात त्यांनी ‘पडले’ असं लिहिलं. मुलानं ते खोडायला लावलं. अण्णांनी खोडलं, पण नाराजीनं.

काकूंचा पेच निराळाच. त्यांचं माहेरचं नाव सुमन. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीनं ‘सुमित्रा’ लिहिलं, ताट पाटावरनं उचललं, तांदूळ भातात गेले. म्हणजे नाव बदलल्याचा एकमेव पुरावा वऱ्हाडानं जेवून टाकलेला. शेवटी शंभराच्या बॉण्डवर नोटरी करून घेतलं की सुमन व सुमित्रा ह्या दोन्ही नावांची व्यक्ती एकच आहे. काकूंनी अंगठा नव्हे, झोकदार सही केली. मात्र सवयीनं ‘सुमन’ अशी. दुसरा बॉण्ड आणावा लागला.

यादीत नसलेला एक कागद अण्णांनी स्वतःच्या बुद्धीनं जोडला. तो म्हणजे रहिवासी दाखला. आपण इथं राहतो हे आधी सिद्ध केलं नाही, तर इथं न राहण्याची परवानगी ते लोक कशाच्या जोरावर देतील, असा त्यांचा सवाल होता. मला याचं उत्तर अजून सापडलेलं नाही.

पोलीस पडताळणीला जमादार घरी आले. चहा झाला, शेंगदाण्याचा लाडू झाला. जमादारांनी विचारलं, “गुरुजी, कशाला निघूलालाव?” अण्णा म्हणाले, “राहायला.” जमादार म्हणाले, “राहूलालाव की हितं.” अण्णांनी विषय बदलला. सगळं पुढच्या वर्षी उपयोगी पडेल म्हणून त्यांनी आधीच करून ठेवलं होतं. मुलगा सांगत होता की पोलिसांचा दाखला नि तब्येतीची तपासणी रांग संपत आल्यावर लागते. पण सहामाही परीक्षेच्या आधी वार्षिकचे पेपर काढून ठेवणारा हा माणूस, त्याला कोण समजावणार?

आता रांगेचं सांगतो. अर्ज तेव्हा कागदीच होता, फॉर्म ४७ पीए. तो कुरियरनं पर्थला गेला. रांगा दोन. एक पैसेवाल्यांची: दोघांचे मिळून पन्नास लाखांच्या घरात भरायचे, तरी वर्षानुवर्षं थांबायचंच. दुसरी साधी, खर्च थोडा. पण तिथल्या खात्याचा स्वतःचाच अंदाज सुमारे तीस वर्षांचा. अण्णांनी पाटीवर हिशेब मांडला. २०१६ मध्ये तीस मिळवले की २०४६. वय पंच्याण्णव. पाटी पुसली आणि म्हणाले, “साध्या रांगेत घाल.” मुलगा म्हणाला, पैशाची काळजी करू नका. अण्णा म्हणाले, “पन्नास लाखांत लातूरला दोन फ्लॅट येतात. आणि रांग मोडायची नसते, मी पोरांना शिकवलंय.” पलीकडं मुलगा थोडा वेळ गप्प होता. मग त्यानं बरं म्हटलं, तेही जरा लवकरच.

मधल्या काळात पाहुण्यांच्या व्हिसावर अण्णा तीन महिने मेलबर्नला जाऊन आले. विमानतळावर सामान तपासताना कुंथलगिरीचे पेढे गेले. भारतातलं दुधाचं गोडधोड तिकडं आत नेऊ देत नाहीत. गळ्यातल्या कवड्यांच्या माळेकडंही अधिकाऱ्यानं बोट केलं. अण्णांनी त्याला तुळजाभवानीपासून सुरुवात करून परडीपर्यंत आणलं. मागं रांग वाढत होती. माळ सुटली. “माणूस चांगला होता, सगळं ऐकून घेतलं,” असं अण्णा सांगतात. माझा अंदाज वेगळा आहे.

२०२३ मध्ये मात्र घात झाला. शहर आणि जिल्हा, दोन्हींचं नाव धाराशिव झालं. पासपोर्टवर उस्मानाबाद, नव्या दाखल्यांवर धाराशिव. अण्णा सकाळी सातला नोटरीच्या दारात. नोटरी म्हणाला, गुरुजी, हे सरकारच्या राजपत्रात आहे, याला बॉण्ड कशाला? पण अण्णांनी बॉण्ड करूनच घेतला: उस्मानाबाद व धाराशिव ही दोन्ही गावे एकच असून मी त्यांचा जिल्हावासी आहे. तो स्कॅन करून मुलाला पाठवला. मुलानं अंगठा दाखवला, व्हॉट्सॲपवरचा.

फाइल आता साडीच्या दुकानाच्या पिशवीत, गोदरेजच्या कपाटात, डांबराच्या गोळ्यांत असते. दर दसऱ्याला तिची शस्त्रांबरोबर पूजा होते.

काकू यातलं काही मनावर घेत नाहीत. २०१७ च्या पावसाळ्यात अण्णांनी बांधाला केशर आंब्याची चाळीस रोपं लावली, तेव्हा त्या मला एवढंच म्हणाल्या, “निघणारा माणूस आंबा लावतो व्हय?” झाडं धरायला लागली आहेत. अण्णा पहिला उतार परगावी कुणाला देत नाहीत.

मार्गशीर्ष अमावास्येला आमच्याकडं येळवस असते. शहरं ओस पडतात, सगळा जिल्हा शेतात. अण्णांच्या शेतात कडब्याची कोप घालतात, पांडव मांडतात, काकूंची भज्जी आणि मडक्यातली आंबील असते. २०१६ पासून दरवर्षी अण्णा निरोप धाडतात, “या बाबांनो, ही आमची शेवटची येळवस.” यंदाचाही निरोप आला आहे. भज्जी पोटभर मिळेल. आंबिलीला तांब्या मात्र ज्याचा त्यानं आणायचा आहे.